ऐतिहासिक नाटकांत कारभाऱ्याची बायको नुसती कान भरतानाच का दिसते?

सिंदफणाकाठ (माजलगाव):

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या पोरापोरींचं दोन अंकी नाटक बसवायलोत, हौशी स्पर्धेत उतरायचा विचार आहे. काळ पेशवाईतला, १७७२ ते १७७५, म्हणजे थोरले माधवराव थेऊरला गेले तिथपासून त्यांचे काका राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करतात तिथपर्यंत. संहिता आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं लिहिलीय, भाषा चांगली आहे, पोरगं मेहनती आहे, पण तालमीला उभं केलं तेव्हा दिसलं की राघोबांची बायको आनंदीबाई पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत एकच काम करायलीय. समईजवळ उभं राहायचं, पदर सावरायचा आणि राघोबांच्या कानाशी लागायचं. माधवरावांच्या आई गोपिकाबाई आल्या की शाप देतात नाहीतर रडतात. माधवरावांची बायको रमाबाई तुळशीपाशी हात जोडून. तिघींच्या तोंडी मिळून राज्यकारभाराचं एक वाक्य नाही, कोणाला कुठला सरंजाम, कोणाचा वकील कुठं बसलाय, फौजेचा पगार किती थकलाय, काही म्हणजे काही नाही, आणि तरी नाटकाचं म्हणणं असं की सगळं घडलं ते या बायकांमुळंच.

परवा आनंदीबाई करणारी पोरगी मधेच थांबली. म्हणाली, मॅडम, राघोबांच्या बैठकीवर कलमदान आहे, रुमालात बांधलेली पत्रं आहेत, मी तीन वेळा त्याच्या बाजूनं जाते पण एकदाही हात लावत नाही, मग मला राजकारण कळतं हे बघणाऱ्याला कुठनं कळायचं? सगळे गप्पच झाले. मला तिचा प्रश्न फार मोलाचा वाटला म्हणून इथं टाकायलेय.

टीव्हीवरच्या मालिकांत पण हेच चालतं की ओ. बाईचा राजकारणावर वजन आहे असं दाखवायचं तर झरोका, पडदा, दासीनं आणलेला निरोप आणि मागं वाजणारं संगीत, याच्या पलीकडं कुणी जायनाच. मला आनंदीबाईला संत करायचं नाही. पण तिचा वजन असलाच तर तो नेमका कशातून चालायचा, हे दाखवायचंय. इतिहास आणि रंगमंच दोन्हीकडच्या लोकांनी सांगा. स्पर्धेला वेळ आहे, संहिता बदलायची तयारी आहे, लिहिणारा पण तयार आहे.

मोडीचा_छंद (जालना):

मॅडम, त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. तिनं बरोबर जागेवर बोट ठेवलंय.

माझी नोकरी सगळी जमिनीच्या जुन्या कागदांत गेली, आता निवृत्तीनंतर मोडी वाचत बसतो, म्हणून मी कागदाच्या बाजूनंच बोलतो. जुन्या काळात मोठ्या घरातल्या बाईचा वजन तीन गोष्टींवर असायचा. तिच्या नावाचं उत्पन्न, तिच्या नावाचा शिक्का आणि तिचं माहेर. या तीन गोष्टी मालिकेत दिसतच नाहीत, दिसतात ते दागिने.

उत्पन्नाचं बघा. होळकरांकडं दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या बायकोला, गौतमाबाईंना, खासगी म्हणून स्वतंत्र महाल, म्हणजे गावांचे गट, लावून दिले. म्हणजे त्या गावांचा वसूल बाईच्या हिशोबात यायचा, त्याचा कारकून वेगळा, त्याची वही वेगळी. हीच खासगी पुढं अहिल्याबाईंकडं आली आणि वेरूळच्या घृष्णेश्वराचं, परळीच्या वैजनाथाचं काम आपल्याला आज दिसतं ते त्यातून. आपण परळीला दर्शनाला जातो, पुण्यश्लोक म्हणून हात जोडतो, ते योग्यच आहे, पण हा पैसा सासूच्या नावानं लागलेल्या महालांतून आलेला आहे हे कुठल्या मालिकेनं दाखवलं? गौतमाबाई म्हणजे नुसती सासू, कधी रागावणारी कधी डोळे पुसणारी. स्वतःची वही असलेली बाई घरात दुसऱ्या स्वरात बोलते ओ, हे आपल्याला आपल्या घरातसुद्धा कळतं.

शिक्क्याचं सांगतो. येसूबाईंचा शिक्का होता, श्री सखी राज्ञी जयति. शिक्का असणं म्हणजे शोभेचं नाही, त्या कागदावर खालच्या माणसानं अंमल करायचा असतो, हवालदार असो का देशमुख. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीराजे गेले, रायगडाला वेढा पडत होता, त्या वेळी राजारामांनी गडाबाहेर पडावं आणि आपण लेकराला घेऊन गडावर थांबावं हा निर्णय या बाईचा. स्वतःच्या सात वर्षांच्या पोराचा हक्क बाजूला ठेवून दिराला पुढं केलं. याच्याएवढं मोठं राजकारण त्या वर्षात दुसरं कुणी केलं नाही असं मी तरी मानतो. आणि दाखवतात काय, तर निरोपाचा प्रसंग, ओवाळणं, डोळ्यांत पाणी. त्या खोलीत कोण कोण बसलं होतं, कोणाचा विरोध होता, गडावर धान्य किती दिवसांचं, वाटा कुठल्या मोकळ्या, हे बोलणं झाल्याशिवाय असा निर्णय होतो का? पुढं त्या जवळजवळ तीस वर्षं मोगलांच्या कैदेत, १७१९ ला बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सोडवून आणल्या. ती तीस वर्षं तर पडद्यावर येतच नाहीत. आपल्याकडचे लोक खुलताबादला जाऊन औरंगजेबाची कबर बघून येतात, पण त्याच्या छावणीबरोबर वर्षानुवर्षं फिरवलेल्या या बाईची आठवण तिथं किती जणांना होते?

माहेराबद्दल दुसरं कुणी लिहील, माझे डोळे दुखायलेत आता.

रंगपट (लातूर):

तीसेक वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, दिग्दर्शन करतो, म्हणून मी दुसऱ्या बाजूनं येतो.

आनंदीबाई अशी का झाली याचं उत्तर इतिहासात कमी आणि रंगभूमीत जास्त आहे. खाडिलकरांचं भाऊबंदकी १९०९ चं. नाटक जबरदस्त आहे, त्यात वाद नाही, न्यायाधीश रामशास्त्र्यांचा प्रवेश आजही अंगावर काटा आणतो. पण त्यातल्या आनंदीबाईवर लेडी मॅकबेथची सावली आहे हे जाणकार पहिल्यापासून सांगत आलेत. नवरा डळमळीत, बायको ठाम, नवऱ्याला खुनाकडं ढकलणारी. एकदा हा साचा बसला की तो सुटत नाही. मग १९४४ ला प्रभातचा रामशास्त्री आला, त्यात आनंदीबाई ललिता पवारांनी केली, आणि ललिता पवारांची ताकद अशी की पुढच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यापुढं आनंदीबाई म्हटलं की तोच चेहरा. आमच्या आजीला इतिहासातली दुसरी कुठलीच आनंदीबाई माहीत नव्हती. शाळेत आम्ही ध चा मा शिकलो ती गोष्ट म्हणून, पण शिकलो पुरावा असल्यासारखी. ती चिठ्ठी आजवर कुणी समोर ठेवलेली नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे यांचा खून झाला, गारदी (भाडोत्री शिपाई) सुमेरसिंग वगैरे, आणि रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबांवर. राघोबांवर, मॅडम. शंभर-सव्वाशे वर्षांच्या नाटकं-सिनेमांनंतर लोकांच्या तोंडी नाव उरलं ते बायकोचं.

आणि हे एकट्या आनंदीबाईचं नाही. सोयराबाईंचं बघा. १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज गेल्यावर राजारामांना गादीवर बसवायचा घाट घातला त्यात अण्णाजी दत्तो होते, मोरोपंत होते, म्हणजे राज्यातले सगळ्यात मोठे कारभारी. त्यांचं संभाजीराजांशी आधीपासून पटत नव्हतं, त्यांची स्वतःची गणितं होती. आणि सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते, सरनोबत, ते उभे राहिले संभाजीराजांच्या बाजूला. केवढं नाट्य आहे बघा त्यात, बहिणीनं पोराला गादीवर बसवलंय आणि फौज ज्याच्या हातात तो भाऊच फिरलाय. पण मालिकेत सगळं येऊन थांबतं ते सावत्र आईच्या डोळे बारीक करण्यावर. कारभाऱ्यांचं राजकारण हळूच बाईच्या पदरात टाकून द्यायचं म्हणजे कारभारी स्वच्छ राहतात, प्रेक्षकाला घरातली सासू-सून ओळखीची वाटते, आणि लेखकाला सुरनिसी (सरकारी कागदपत्रांचं खातं) म्हणजे काय हे समजावून सांगत बसावं लागत नाही.

तुमच्या नाटकात सखारामबापू बोकील आहेत का हो? नसतील तर आधी ते आणा. आयुष्यभर राघोबांच्या पक्षातले आणि मग बारभाईंत, म्हणजे राघोबांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांत. ते रंगमंचावर आले की आनंदीबाईच्या डोक्यावरचं अर्धं ओझं आपोआप उतरतं.

एक सावधगिरी मात्र. मोडीवाले काका म्हणतात ते सगळं खरं असलं तरी रंगमंचावर वही आणि शिक्का नुसता दाखवून भागत नाही, प्रेक्षक जांभया देतो. कागदामुळं समोरच्या माणसाचं काहीतरी बिघडलं पाहिजे, त्याच प्रवेशात बिघडलं पाहिजे.

नांदेडचा_वाचक:

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

हल्ली एक नवीन तऱ्हा निघालीय, बदनाम झालेल्या बाईला घ्यायचं आणि धुऊन पुसून निर्दोष करायचं. तिला काही माहीतच नव्हतं, ती बिचारी नवऱ्याच्या काळजीत होती, कारस्थान सगळं पुरुषांचं. मला हे खलनायिकेपेक्षाही वाईट वाटतं, कारण खलनायिकेला निदान डोकं असतं. आनंदीबाईला राघोबा पेशवे व्हावेत असं वाटत होतं का, तर अर्थात वाटत असणार, नवरा अटकेपर्यंत गेलेल्या फौजेचा सेनापती, पेशव्याच्या घरातला कर्ता पुरुष, आणि त्याला नजरकैदेत ठेवलेलं. माधवरावांनी ठेवलं, नारायणरावांनी ठेवलं. त्या बाईला राग नसेल? आपल्या नवऱ्याचा हक्क डावलला असं तिचं मत नसेल? तिची इच्छा ही राजकीय इच्छा होती हे मान्य करा आणि ती तिच्या तोंडून सरळ येऊ द्या, दिवसाढवळ्या, चार माणसांत. खून आणि महत्त्वाकांक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटकवाले बाईच्या बाबतीत दुसरीवरून पहिली सिद्ध करतात, पुरुषाच्या बाबतीत करत नाहीत. महादजी शिंद्यांना महत्त्वाकांक्षा होती म्हटलं की आपली छाती फुगते.

सिंदफणाकाठ (माजलगाव):

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. लिहिणाऱ्या पोराला हा धागा पाठवला, तो काल रात्री जागून सखारामबापूंचा प्रवेश लिहायलाय. नांदेडचे सर, तुमचं म्हणणं मला अगदी पटलं, धुऊन पुसून घेण्याची भीती मला पण आहे.

आता गोपिकाबाईंचं सांगा कुणीतरी. त्यांच्याबद्दल मालिकांत आणि कादंबऱ्यांत दोनच गोष्टी येतात, विश्वासरावाला पानिपतावर पाठवायचा हट्ट आणि नंतर राघोबांवरचा राग. नानासाहेबांची बायको म्हणून त्या तीस वर्षं त्या वाड्यात होत्या, त्या काळाचं काय?

गोदेचा_पूर (गेवराई):

मॅडम, मी राक्षसभुवनच्या बाजूचा. आमच्याकडं शनी अमावास्येला शनीच्या दर्शनाला जी गर्दी होते त्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं की या गोदावरीच्या काठावर १० ऑगस्ट १७६३ ला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि अठरा वर्षांच्या माधवरावांनी अडचणीत सापडलेल्या राघोबांना सोडवलं. म्हणून मला गोपिकाबाईंचा विषय जवळचा. ज्या काका-पुतण्याच्या भांडणातून निजामाला पुण्यापर्यंत यायची हिंमत झाली त्या भांडणाच्या मधोमध ही बाई उभी आहे.

माहेर म्हणाले ना जालन्याचे काका, तर ते इथं. गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या. रास्ते म्हणजे सावकार घराणं. पेशवाई कायम कर्जात, मोहिमेला निघायचं तर आधी सावकार गाठायचा, नानासाहेबांच्या पत्रांत कर्जाचं रडगाणं सगळीकडं. आता विचार करा, राज्याचा कारभारी कर्जानं बेजार आणि त्याची बायको सावकाराच्या घरची. रास्त्यांना पुढं सरदारकी मिळाली, फौज मिळाली, हे काय नुसतं मेहुणे म्हणून मिळालं? एका लेखकानं तरी हा धागा धरावा की नाही? वाड्यात पंगत चाललीय आणि भाऊ आलाय, बहीण-भावाचं बोलणं दिवाळीच्या ओवाळणीवरून सुरू होतं आणि व्याजावर येतं, असा प्रवेश मी तर रात्रभर बसून बघीन. बाईचा वजन म्हणजे काय ते तिथं कळतं, तिला कुणाच्या कानाशी लागायची गरजच नाही.

दुसरं, आणि हे मला जास्त टोचतं. आईनं सांगितलं तर सल्ला, बायकोनं सांगितलं तर कान भरले. नाटकांत हे इतकं पक्कं बसलंय की कुणाला खटकतही नाही. जिजाऊ आईसाहेब म्हणून वंदनीय, राधाबाई बाजीरावांची आई म्हणून आदरणीय, अहिल्याबाई नवरा गेल्यावर देवी झाल्या. नवरा जिवंत असलेल्या बाईनं राजकारणात तोंड घातलं की मात्र ती कारस्थानी. गोपिकाबाईंचं नशीब असं की त्या दोन्ही होत्या, बायको पण आणि आई पण, म्हणून लेखकांना त्यांना कुठं बसवावं ते कळंना, आणि मग त्यांनी त्यांना रागीट करून टाकलं.

१७६१ ते १७७३ या बारा वर्षांत त्या बाईचा नवरा गेला आणि तिन्ही पोरं गेली, विश्वासराव पानिपतावर, माधवराव क्षयानं, नारायणराव कापला गेला. नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. आपल्याला वाटतं संपलं, आता जपमाळ. पण नातू सवाई माधवराव मोठा व्हायला लागल्यावर त्याला त्यांनी पेशव्यानं कसं वागावं याचं लांबलचक पत्र पाठवलं, ते छापलेलं उपलब्ध आहे. उठायचं कधी, कोणाला भेटायचं, हिशोब कसा ऐकायचा, कारभाऱ्यांशी कसं वागायचं. वाचताना जाणवतं की ही बाई नानासाहेबांच्या वाड्यात तीस वर्षं डोळे मिटून बसलेली नव्हती, तिनं एका पेशव्याचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत बघितलाय आणि त्यातलं कुठं काय चुकत होतं तेही तिला ठाऊक आहे. तुमच्या नाटकात त्यांना शाप द्यायला लावण्यापेक्षा या पत्राच्या वळणानं बोलायला लावा. खूनाची बातमी आल्यावर पण त्या आधी रडणार नाहीत, आधी विचारणार, गंगाबाई कुठं आहे.

मोडीचा_छंद (जालना):

वा, गेवराईकर. गंगाबाईंचं नाव काढलंत ते बरं झालं. नारायणरावांची ही विधवा, पोटात मूल, बारभाईंनी तिला पुरंदरला नेलं आणि तिच्या नावानं कारभार चालवला. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या लेकराला पेशवाईची वस्त्रं मिळाली. म्हणजे काही महिने मराठी राज्य एका गरोदर मुलीच्या नावावर चाललेलं होतं. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत, एकेक डोंगराएवढी माणसं, आणि सगळ्यांचं राजकारण तिच्या पोटावर टांगलेलं. तिला स्वतःला काय वाटत होतं हे विचारायची बुद्धी फार थोड्या लेखकांना झाली.

दुधना_तीर (सेलू):

मी इतिहासवाली नाही. दोन टर्म ग्रामपंचायतीत होते, एक टर्म सरपंच. तेवढ्या अनुभवावर लिहिते.

२०११ पासून आपल्याकडं निम्म्या जागा बायांना आल्या आणि सरपंचपती नावाचा प्रकार सगळ्या मराठवाड्यानं बघितला. खुर्चीवर बाई आणि फाईल नवऱ्याच्या काखेत. मी पहिल्या मासिक सभेला गेले तेव्हा प्रोसिडिंगचं रजिस्टर माझ्यासमोर न ठेवता मागच्या बाकावर ह्यांच्यासमोर ठेवलं. मी ते उचलून आणलं, एक एक ठराव मोठ्यानं वाचला, ज्याचं अंदाजपत्रक नव्हतं त्यावर सही केली नाही. गावात दोन दिवसांत बोललं गेलं की बाई फार शेफारली. ठरावात काय चुकलं हे कुणी बोलायलं नाही. तुमच्या त्या पोरीनं कलमदानाचं विचारलं ना, ते वाचून मला पहिल्यांदा ही सभा आठवली. रजिस्टर कोणापुढं उघडतं, सही कोणाची चालते, बाईनं वाचायला मागितलं की खोलीतल्या माणसांचे चेहरे कसे होतात, एवढं दाखवलं तरी राजकारण दिसतं. त्याला अडीचशे वर्षं मागं न्या, फरक पोशाखाचाच पडेल.

आणि जिजाऊंबद्दल एक. दरवर्षी १२ जानेवारीला आम्ही सिंदखेडराजाला जातो. तिथं पण आणि टीव्हीवर पण त्या फक्त आई. शहाजीराजांची बायको म्हणून त्यांना कुणी दाखवतच नाही. शहाजीराजे म्हणजे निजामशाहीच्या शेवटच्या काळात लहान शहाला गादीवर बसवून कारभार हाकणारा माणूस, केवढा मोठा मुत्सद्दी. १६२९ ला दौलताबादेत लखुजी जाधव आणि त्यांच्या पोरांना दरबारात मारलं, म्हणजे जिजाऊंचे वडील आणि भाऊ. ज्या दरबारात बापाला मारलं त्याच दरबाराचा नवरा पुढं आधार होतो. त्या नवरा-बायकोत काय बोलणं झालं असेल? आम्ही संभाजीनगरला जाता-येता तो किल्ला बघतो, मला दरवेळी हेच मनात येतं. पुढं पुण्याची जहागीर त्यांनी बघितली, वतनाचे तंटे ऐकले, निवाडे दिले, आणि १६६६ ला महाराज आग्र्याला गेले तर मागं राज्य त्यांच्या भरवशावर. हे काम त्या लेकरू मोठं झाल्यावर अचानक शिकल्या नाहीत. शहाजीराजांच्या घरात शिकल्या, जाधवांच्या घरात शिकल्या. पण बायको म्हणून दाखवलं तर नवऱ्याशी मतभेद दाखवावे लागतील, आणि ते दाखवायची आपली तयारी नाही.

नांदेडचा_वाचक:

ताई, तुमची ती मासिक सभा एकांकिका आहे. मनापासून सांगतो, कुणाकडून तरी लिहून घ्या.

रंगपट (लातूर):

सेलूच्या ताईंनी माझं काम सोपं केलं. मॅडम, आता ठोस सांगतो, बघा जमतंय का.

पहिल्या अंकातला समईचा प्रवेश काढूनच टाका. त्या जागी दिवसाचा प्रवेश ठेवा. राघोबा नजरकैदेत आहेत, भेटायला येणाऱ्यावर पहारा आहे, आणि गारद्यांचा पगार थकलाय हे आपल्याला माहीत आहे. फौजेचा पगार थकणं हा त्या काळातला सगळ्यात स्फोटक विषय, आणि गारदी वाड्यात घुसले तेसुद्धा थकलेल्या पगाराची ओरड करतच. तर आनंदीबाई कारकुनाकडून बाकीचा आकडा वाचून घेतायत आणि राघोबा तिकडं ऐकतच नाहीत, ते सूर्योपासनेत. कारकून आकडा सांगताना राघोबांकडं तोंड करून सांगतो, विचारतायत बाई. बाई पुन्हा विचारतात. तो पुन्हा राघोबांकडं बघून सांगतो. तिसऱ्यांदा त्या उठून त्याच्या हातातला बंद, म्हणजे हिशोबाचा कागद, घेतात. संवाद फार नकोत. त्या पोरीला सांगा, कागद घेताना घाई करायची नाही, रागही दाखवायचा नाही, रोजचं काम असल्यासारखा घ्यायचा.

दुसऱ्या अंकाचं केंद्र पुण्यात ठेवू नका, धारला न्या. राघोबा गुजरातेकडं निघून गेले आणि दिवस भरत आलेल्या आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवलं. तिथं १७७५ च्या जानेवारीत दुसरे बाजीराव जन्मले. मार्चमध्ये तिकडं सुरतेचा तह, साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यायचं कबूल. म्हणजे एकीकडं बाळंतीण, भोवती थोडी शिबंदी, बारभाईंची माणसं मागावर, आणि दुसरीकडं नवरा तिच्या-आपल्या भविष्यासाठी मराठ्यांनी रक्त सांडून मिळवलेली वसई लिहून देतोय. तहाची बातमी तिला कळते तेव्हा ती काय म्हणते? इथं तुमच्या लेखकाला पूर्ण मोकळीक आहे, आणि नाटक इथंच उभं राहील नाहीतर पडेल. ती खूश झाली असं लिहिलं तरी चालेल, तिनं कपाळाला हात लावला असं लिहिलं तरी चालेल, पण वसई म्हणजे काय, ती चिमाजीअप्पांनी १७३९ ला कशी घेतली, हे तिला माहीत आहे, पेशव्यांच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला माहीत असणार, एवढं दिसलं पाहिजे.

पोशाखाचं थोडं. गोपिकाबाई १७६१ नंतर आलवणात, म्हणजे विधवेच्या साध्या लाल लुगड्यात, त्यांना जरीचं काही देऊ नका, टीव्हीवाले देतात. आणि पत्र लिहिण्याचा प्रसंग असेल तर बोरू आणि दौत, पिसाचं पेन नको, ते साहेबाचं.

सिंदफणाकाठ (माजलगाव):

रंगपट सर, कारकुनाचा प्रवेश आज दुपारी नुसता वाचून बघितला, पोरं एकदम शांत बसून ऐकायली. कारकून करणाऱ्या पोराला कुठं बघायचं ते आपोआप कळलं, त्यानं न सांगता दोन्ही वेळा राघोबांकडंच मान वळवली.

धारच्या प्रवेशावर मात्र आमच्यात वाद चाललाय. लिहिणारा म्हणतो तिला तह मान्य होता, कारण बारभाईंनी दुसरा रस्ता ठेवलाच नव्हता. आनंदीबाई करणारी म्हणते मान्य असेल तर असू दे पण वसईचं नाव ती स्वतः घेईल, दासीच्या तोंडून ऐकणार नाही. मी दोघांना दोन वेगळे प्रवेश लिहून आणायला सांगितलंय, शनिवारी दोन्ही उभे करून बघू.

जालन्याचे काका, एक विनंती. कारकुनाच्या हातात खरंच मोडीत लिहिलेला बंद हवाय, थकलेल्या पगाराची यादी, पहिल्या रांगेतल्या माणसाला अक्षर दिसतं म्हणून. तुम्ही लिहून द्याल का?

मोडीचा_छंद (जालना):

देतो की. पथकाचं नाव, माणसं किती, दरमहा काय, बाकी काय, अशा चार ओळीत पाडून देतो, आणि शेवटी जागा सोडतो. कागद हातकागदाच्या जवळचा घ्या, झेरॉक्सचा पांढरा कागद दिव्यात चमकतो.